दादाच्या कंबरेचं माप

शिंप्याच्या दुकानात छातीचं माप मोठ्याने सांगतात आणि कंबरेचं हळू. हे मला माझ्या उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं. मास्तर गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावतो, आकडा बोलतो आणि दुसरा कोणीतरी वहीत लिहून घेतो. छाती अडतीस भरली की रस्त्यावर ऐकू जाईल असं "अडतीस!" म्हणायचं. कंबर अडतीस भरली तर तोंड मिटून स्वतःच वाकून वहीत आकडा टाकायचा. गिऱ्हाइकाने विचारलंच तर दोन इंच कमी सांगायचं. पॅण्ट मात्र खऱ्या मापाची कापायची. माणूस खूश होतो आणि पुढच्या दिवाळीला परत आपल्याच पायरीवर येतो.

हा नियम मी तीस वर्षं पाळला. नाशकात रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. आधी दुसऱ्याच्या ओट्यावर एक मशीन, मग अर्धा गाळा, मग पूर्ण गाळा, मग सहा मशीन. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले, ओझरच्या विमान कारखान्यातले लोक माझ्याकडे पॅण्ट शिवायला येत. मला कोणी हात धरून वर आणलं नाही. कापडवाल्याशी, घरमालकाशी, दोऱ्याच्या एजंटशी घासाघीस करत मी आलो. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण सौद्याच्या वेळी मी गप्प बसू शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. सौद्यात जो आधी बोलतो तो हरतो. हाही नियमच. या दोन नियमांवर मी पोट भरलं, आणि या दोन नियमांनीच मी माझ्या भावाच्या बाबतीत जे करायला नको होतं ते केलं.

मी लहानपणापासून जाडा. मखमलाबादकडे आमचा फुलांचा आणि पालेभाजीचा मळा होता. झेंडू तोडायला, मेथी उपटायला वाकावं लागतं, आणि मला वाकता येत नसे. माझ्या मांड्या, कुल्हे, दंड सगळं भरलेलं. वडील म्हणायचे, "हा एकदा खाली बसला की उठवायला दोन माणसं लागतात. याला बसून करायचं काम शिकवा." म्हणून सातवीनंतर मला शिंप्याकडे बसवलं. माझा मोठा भाऊ अंगाने काटक होता, तो आयटीआयला गेला आणि सातपूरच्या एका कारखान्यात फिटर झाला. त्याच्या हुशारीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गणितात मी त्याच्यापेक्षा सरस होतो, हे आमच्या शाळेतल्या मास्तरांनी वडिलांना घरी येऊन सांगितलं होतं. वडिलांनी ऐकून घेतलं, मास्तरांना चहा पाजला आणि मला उस्तादांकडे नेऊन बसवलं. माझी शाळा माझ्या मांड्यांनी घालवली. ही गोष्ट मी विसरलो नाही. दादाही मला विसरू देत नसे. घरात, बाजारात, लग्नात तो मला एकाच नावाने हाक मारायचा. "जाड्या."

त्याचं लग्न ठरलं तेव्हा उस्ताद मला म्हणाले, भावाची पॅण्ट तूच शीव. मी एकट्याने कापलेली आणि शिवलेली ती पहिली पॅण्ट. तपकिरी टेरीवुल, कंबर एकोणतीस, सीट छत्तीस. ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, सीट म्हणजे कुल्ह्यांच्या सर्वांत रुंद भागावरून घेतलेलं माप. तरुण माणसाची कंबर सीटपेक्षा बरीच कमी असते. टेप खाली सरकवला की कळतं.

ती पॅण्ट दादा दर दसऱ्याला घालायचा. संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला सगळे मळ्यातल्या घरी जमायचे. दादा अंगणात उभा राहून कंबरेवर थाप मारायचा. "बघा, लग्नातली पॅण्ट अजून होते मला. आणि हा आमचा जाड्या बघा, दर वर्षी नवं ताट आणि नवा पाट!" सगळे हसायचे. आई हसत हसतच म्हणायची, "अरे, त्याला नका बोलू, आधीच धाप लागते त्याला." आणि माझ्या पानातला दुसरा लाडू उचलून दादाच्या पानात टाकायची. "तू खा रे, तुझ्या अंगाला लागत नाही."

लागत होतं. फक्त कुठे लागतंय ते दिसत नव्हतं. म्हणजे मला दिसत होतं.

नव्वदीच्या सुरुवातीला एका दसऱ्याच्या आठवडाभर आधी वहिनी पिशवी घेऊन दुकानात आल्या. "भाऊजी, ह्यांच्या पॅण्टीचा हुक लागत नाहीये. ट्रंकेत आटली वाटतं."

टेरीवुल ट्रंकेत आटत नाही. मी त्यांना तसं म्हणालो नाही. पॅण्टीच्या मागच्या शिवणीत आम्ही जास्तीचं कापड दाबून ठेवतो, त्याला माया म्हणतात. मी शिवण उसवली, इंचभर सोडली, इस्त्री मारली आणि परत दिली. त्या दसऱ्याला दादाने थाप मारली. मी हसलो. दोन वर्षांनी पुन्हा सोडली. मग पुन्हा. शेवटी शिवणीत सोडायला काही उरलं नाही, तेव्हा मी तशाच रंगाचा तुकडा शोधून मागे पट्ट्याखाली एक कळी घातली, तिकोनी. वरून पट्टा आला की कोणाला दिसू नये अशी. असं काम नाशकात तेव्हा दोघांनाच जमत होतं, आणि दुसरा म्हातारा झाला होता.

का केलं? धंद्याचा नियम होता हे एक. भाऊ होता हे दुसरं. पण तिसरंही होतं, ते आज लिहून टाकतो. तो अंगणात थाप मारायचा तेव्हा मला वाटायचं, मार, ज्या फुशारकीवर तू उभा आहेस तिची शिवण माझ्या हातात आहे. इतकी गोड गोष्ट मला दुसरी मिळालेली नव्हती.

दादा तेव्हाही दिसायला सडपातळच. हात उसाच्या कांड्यांसारखे, पाय त्याहून बारीक, गालफडं बसलेली. शर्ट बाहेर सोडला की कळायचंही नाही. आत मात्र घट्ट, गोल पोट, काडीला मडकं बांधावं तसं. एकदा आम्ही दोघं वणीहून परत आलो तेव्हा बसस्टँडवर लाल-हिरव्या दिव्यांचं वजनाचं मशीन होतं. दादा चढला. तिकीट आलं, अडुसष्ट. मग मी चढलो. एक्क्याण्णव. दादाने माझ्या हातातलं तिकीट हिसकावून घेतलं आणि रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असं वाचल्यासारखं केलं. "मशीन म्हणतंय, कृपया एका वेळी एकानेच उभं राहावं." लोक हसले. माझा हात उठला होता, पण तो थोरला होता. घरी गेल्यावर त्याने आपलं तिकीट वहिनींच्या आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं. किती तरी वर्षं ते तिथेच होतं.

घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की आधी मी जाणार. आईने माझ्यासाठी सप्तशृंगीला नवस बोलला होता. वहिनी कारल्याचा रस बाटलीत भरून पाठवायच्या. माझी बायको मी जेवताना माझ्या पोळ्या मोजायची आणि तिसऱ्या पोळीला उसासा टाकायची. दादाला कोणी काही मोजलं नाही. वजन अडुसष्ट, आणि लग्नातली पॅण्ट अजून होते, मग काय मोजायचं?

भांडण झालं ते दादाच्या मुलीच्या साखरपुड्यात. दोन हजार साल उलटून गेलं होतं. नाशकात कॉलेज रोडवर रेडिमेड कपड्यांची काचेची दुकानं झाली होती आणि आमची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे जात होती. पण सख्खा भाऊ जाईल असं मला वाटलं नव्हतं. त्याच्या सुटासाठी मी चांगलं निळं कापड आणून ठेवलं होतं. माप द्यायला कधी येतो म्हणून वाट पाहत होतो. तो आलाच नाही, आणि साखरपुड्याच्या दिवशी हॉलच्या दारात रेडिमेड सुटात उभा दिसला.

मी जवळ जाऊन म्हणालो, "दादा, माझ्याकडे कापड पडलं होतं."

त्याने व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "हे आमचे धाकटे. टेलरिंग आहे यांचं. पण काय आहे, जाड्याच्या दुकानात माप द्यायचं म्हणजे एकाने बाहेर उभं राहावं लागतं."

व्याही हसले. व्याह्यांची मुलगी हसली. सनईवालासुद्धा हसला असं मला वाटलं.

मी त्याच्या कोटाचं टोक धरून वर केलं. "पोट मावावं म्हणून चाळीसची घेतलीस, आणि मागे झोळी झालीय बघ. मांडीत वारं खेळतंय. चाळीस! ऐकलं का सगळ्यांनी? कंबर चाळीस, आणि पाय कोंबडीचे!"

तीस वर्षांत एकदाच मी कोणाची कंबर मोठ्याने सांगितली. सांगितली ती शिवीसारखी. कळीचं मात्र बोललो नाही, रागातही तेवढी अक्कल राहिली. दादाचा चेहरा उतरला. कोट खाली ओढून तो इतकंच म्हणाला, "आजपासून तुझ्या टेपला अंग लावणार नाही."

"नको लावूस. पायरीही चढू नकोस."

मी न जेवता निघालो. त्यानंतर आम्ही बोललो नाही. लग्नात अक्षता टाकल्या आणि आलो.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता एक डॉक्टर दोन पॅण्ट शिवायला आले. जुने गिऱ्हाईक, शिलाईवरून माझ्याशी दर खेपेला भांडणारे आणि शेवटी मी सांगेन तेच देणारे. मी टेप लावला, वहीत आकडा टाकला.

"किती?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस, साहेब."

"मास्तर, खोटं बोलताय. मी दिवसभर लोकांची पोटं बघतो. खरं सांगा."

"अडतीस."

"हं. आणि सीट?"

"एकोणचाळीस."

"म्हणजे अजून थोडी जागा आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग हसून मला म्हणाले, "तुमच्या या टेपला काय कळतं ते तुम्हाला माहीत नाही. वजनकाटा चरबी किती ते सांगतो. कुठे आहे ते सांगत नाही. आणि माणूस किती जगणार यात 'कुठे' ला फार महत्त्व आहे."

मला वाटलं माझी चेष्टा चाललीय. माझा पारा चढला. "म्हणजे मी कधी जाणार ते सांगा की सरळ. घरचे रोज सांगतातच."

"चिडू नका. तुमची कंबर किती, सीट किती?"

"बेचाळीस. सीट शेहेचाळीस."

"तुमचं बरंचसं कुल्ह्यांवर आणि मांड्यांवर आहे, कातडीखाली. ते ओझं तुमच्या गुडघ्यांना छळणार. म्हणून लाडू खा असं मी म्हणत नाही, बेचाळीस कंबर काही चांगली नाही, वजन उतरवाच. पण मांडीवरची चरबी म्हणजे कणगीत भरून ठेवलेलं धान्य. जागेवर गप्प पडून असतं. पोटात आतड्यांभोवती, लिव्हरमध्ये बसते ती म्हणजे चुलीला खेटून ठेवलेलं सरपण. ती गप्प बसत नाही. रक्तात साखर वाढवते, दाब वाढवते, हृदयाच्या नळ्या चोंदतात. मला जाड्या माणसापेक्षा भीती वाटते ती हातपाय काटक्या आणि पोट पुढे असलेल्याची. कारण त्याला कोणी जाडा म्हणत नाही. तो स्वतःही म्हणत नाही. तपासायला येतच नाही."

"कंबर सीटच्या पुढे गेली तर?" मी विचारलं.

"कोणाची गेलीय?"

"असंच विचारतो."

"तर त्याला आजच्या आज माझ्याकडे पाठवा."

ते गेल्यावर मी जुन्या मापाच्या वह्या काढल्या. दुकानात काज-बटण करायला एक मावशी बसायच्या, पेठकडच्या, माझ्या आधीपासून गल्लीत काम केलेल्या. त्या म्हणाल्या, "काय शोधता एवढं, धूळ उडतीय." मी वह्या झटकल्या. दादाची मापं एकाखाली एक काढली. सीट छत्तीस, साडेछत्तीस, सदतीस, आणि मग वर्षानुवर्षं सदतीसच. कंबर एकोणतीस, एकतीस, तेहेतीस, पस्तीस, सदतीस, अडतीस. ज्या वर्षी कंबर सीटला गाठून पुढे गेली त्या वर्षाच्या ओळीसमोर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'कळी'.

माणसाला पोट वाढल्याचं कशावरून कळतं? आरशात रोज तेच दिसतं. वजनाचं तिकीट चांगलंच होतं. एक कंबरपट्टाच काय तो खरं बोलतो, हुक लागत नाही तेव्हा. तो हुक मी दहा वर्षं सरकवत होतो.

मला तेव्हाच स्कूटर काढून जायला हवं होतं. मी पंचवटीत राहायचो, तो सिडकोत. पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. मी दुकानाच्या दारापर्यंत गेलोही. मग हॉलमधलं हसणं आठवलं. मला वाटलं, मी गेलो तर तो म्हणेल, जाड्या मला तब्येत शिकवायला आला. आधी त्याने यावं. त्याची चूक होती. तो पायरी चढला की मी सगळं सांगेन, डॉक्टरांकडेही मीच घेऊन जाईन. सौदा मी मनातल्या मनात इतका नीट बांधला होता की तो झालाच असं मला वाटायला लागलं.

दसरा दहा दिवसांवर आला तेव्हा वहिनी पिशवी घेऊन आल्या. तीच तपकिरी पॅण्ट.

"त्यांना सांगू नका हं मी इथे आणली म्हणून. दुसऱ्या कोणाकडे टाकली असं सांगितलंय."

"काय झालं हिला?"

"नेहमीचंच. आटली."

मी पॅण्ट उलगडलीही नाही. "वहिनी, दादाची तब्येत कशी आहे?"

"बरी आहे की. वणीला गेलो होतो, गडावर निम्म्या पायऱ्यांवर बसले. म्हणाले, जळजळतंय, सकाळी भजी खाल्ली म्हणून. घाम मात्र फार येतो हल्ली."

"डॉक्टरला दाखवा."

"मी म्हणाले तर आरशाकडे बोट दाखवतात. म्हणतात, वजन बघ माझं, डॉक्टरची गरज जाड्याला आहे."

त्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी त्यांना सांगू शकत होतो. वही दाखवू शकत होतो. त्या ऐकणाऱ्या बाई होत्या, त्यांनी रडून-भांडून नवऱ्याला नेलं असतं. पण माझ्या हातात पहिल्यांदाच अशी वस्तू आली होती जी दादाला हवीच होती आणि फक्त माझ्याकडे होती. ती मला वहिनींच्या हाती परस्पर द्यायची नव्हती. त्याने स्वतः येऊन घ्यायला हवी होती.

मी म्हणालो, "पॅण्ट ठेवून जा. पण या वेळी माप घेतल्याशिवाय हात लावणार नाही. त्यांना पाठवा."

"ते नाही यायचे, भाऊजी. तुम्हाला माहीत आहे."

"मग हँगरवर राहील. आणि सांगा, मीच म्हणालो म्हणून सांगा. कामाचं बोलायचंय."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दोघं ना..." एवढंच म्हणून त्या गेल्या.

दसरा आला. दादा मळ्यातल्या घरी दुसरीच पॅण्ट घालून आला, शर्ट बाहेर सोडून. थाप मारली नाही. मला आपट्याचं पान दिलं, पण हातात दिलं आणि पुढे गेला. मी ते खिशात टाकलं. माझ्या मनात आलं, भाव उतरायला लागलाय.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सकाळी मी दोन गल्ल्या पलीकडे अस्तराचे तागे घ्यायला गेलो होतो. व्यापारी मीटरमागे आठ आणे सोडायला तयार नव्हता आणि मी उठायला तयार नव्हतो. तासभर चाललं. मी तोंडातून शब्द न काढता तागा उलटापालटा करत बसलो. शेवटी त्यानेच कंटाळून दर सोडला. खुशीत दुकानी परतलो तर मावशींनी सुई थांबवली.

"तुमचे दादा येऊन गेले."

"कोण?"

"दादा हो तुमचे. त्या बाकावर बसले होते बघा. पाणी मागितलं, दोनदा. लय घामेजले होते. म्या म्हणलं, बसा, येतीलच, हितंच गेलेत. पंधरा मिनटं बसले. मंग म्हणले, सांगा त्याला, पायरी चढून गेलो."

"काही निरोप?"

"तेवढंच. अन् त्या पॅण्टीला हात लावून बघत होते, हँगरवरच. काढली नाय."

"कसे दिसत होते?"

"दमल्यागत. म्हणले चालत आलो बसपासून. जावा की आता त्यांच्या मागं, लांब नाय गेले अजून."

मला स्कूटर काढता आली असती. सिडकोच्या बसच्या थांब्यापर्यंत तो सापडला असता. मी खुर्चीत बसलो, आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. पायरी चढला! स्वतःच्या पायाने चढला आणि तसं मावशींजवळ कबूलही केलं. आता पुढची गोष्ट. आमच्या धंद्यात एकदा पायरी चढून रिकाम्या हाताने गेलेलं गिऱ्हाईक परत येतंच, आणि दुसऱ्या वेळी ते मऊ झालेलं असतं. त्याच्या मागे धावलात की पुन्हा ताठ होतं. आज रविवार. पुढच्या रविवारी येईल. दिवाळी आहे, येईलच.

मावशी म्हणाल्या, "नाय जात?"

"तुम्ही काजं करा."

गुरुवारी सकाळी कारखान्याच्या बसची वाट पाहत उभा असताना दादा थांब्यावर खाली बसला. बरोबरच्यांना वाटलं बुटाची नाडी बांधतोय. दवाखान्यात पोहोचेपर्यंत संपलं होतं. वय बावन्न.

अंत्यविधीला अमरधामात लोक मला बघून चमकत होते. एक लांबचे नातेवाईक दुसऱ्याला हळूच म्हणालेले मी ऐकले, "अरे, मला वाटलं, जाडा गेला." मी त्यांच्या अंगावर धावलो नाही. त्यांचं काय चुकलं? आमच्या घरात पंचवीस वर्षं तेच ठरलेलं होतं. आईने माझ्यासाठी नवस बोलला होता आणि तो पावला. तिने मला जवळ घेतलं, तिच्या हातांत मी मावत नव्हतो, आणि ती सारखी एकच म्हणत होती, "त्याच्या अंगावर तर काहीच नव्हतं रे. काहीच नव्हतं."

तेराव्यानंतर वहिनी दुकानात आल्या. दादाचे कपडे मळ्यावर काम करणाऱ्या एकाला द्यायचे होते. "ती तपकिरी पण द्या."

मी हँगरवरून काढून दिली. त्यांनी ती उलटी केली आणि सरळ पट्ट्याखाली, कळीवर अंगठा ठेवला. शोधावं लागलं नाही त्यांना.

"ही तुम्ही किती छान लावली होती," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"धुताना मला दिसली होती. मी ह्यांना दाखवली. हे कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, जाड्याने लावलीय. मला सांगितलं नाही त्याने. तू पण त्याला बोलू नकोस, त्याला वाटू दे मला कळलं नाही म्हणून."

"आणि तरी दसऱ्याला थाप मारायचे?"

"तुमच्याकडे बघून मारायचे. तुम्ही हसता का, ते बघायचे."

माझं डोकं तापलं. असल्या वेळीही तापलं. मी ओरडलोच, "मग बोलायचं ना त्याने! एवढं कळत होतं तर एकदा तरी बोलायचं! इथे पंधरा मिनिटं बसला, आणखी अर्धा तास बसायला काय झालं होतं?"

वहिनी पॅण्टीची घडी घालत राहिल्या. घडी झाल्यावर म्हणाल्या, "ते निदान येऊन गेले, भाऊजी."

मी पॅण्ट परत मागितली. त्यांनी दिली. ती कोणाला देण्याजोगी नव्हतीच, कमरेत अडतीस आणि मांडीत काहीच नाही, असं माप दुसऱ्या कोणाच्या अंगाला बसत नाही.

आता त्याला काही वर्षं झाली. डॉक्टरांनी माझं वजन बऱ्यापैकी उतरवलं, गुडघे मात्र गेले ते गेलेच. दुकानात मी कंबर मोठ्याने सांगत नाही, लोकांना लाज असते. पण ज्याची कंबर सीटच्या पुढे गेली असेल त्याला बाजूला घेऊन वहीतले दोन्ही आकडे दाखवतो आणि डॉक्टरांकडे जा म्हणून सांगतो. काही जण रागावून निघून जातात. एक जण बाकीचं कापडसुद्धा उचलून घेऊन गेला आणि पायरीवरून म्हणाला, आधी स्वतःकडे बघ. मी बघितलं आणि त्याच्या मागे गेलो. लंगडत, थेट कारंजापर्यंत, गर्दीतून हाका मारत. त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा मला इतकी धाप लागली होती की काही बोलताच येईना. तोच माझ्या दंडाला धरून बाजूच्या ओट्यावर बसवून म्हणाला, "बसा, मास्तर. सांगा काय ते. मी थांबतो."